घरचं रक्त

प्रिय बारक्या,

सहा फुटांचा झालास तरी मी तुला बारक्याच म्हणणार. ताई असण्याचा तेवढा हक्क मला आहे. तू हल्ली आईला फोन करतोस, माझी चौकशी करतोस आणि मी फोन घ्यायच्या आत ठेवून देतोस. का, ते मला कळतं. तुझा बोनमॅरो माझ्या अंगी लागला नाही आणि तुला वाटतं, दोष तुझा. ताईला मी काय नासकं दिलं, म्हणून आईजवळ रडलास म्हणे. वेडा आहेस. आता नीट ऐक.

परवा डॉक्टरीणबाई माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागले की बातमी वाईट असते, एवढं मला आता पाठ झालंय. तुझ्या पेशी उत्तम होत्या, म्हणाल्या. माझ्याच शरीराने त्यांना हुसकावून लावलं, कारण आपल्या घरच्या रक्ताशी त्याचं आधीच वैर झालं होतं. ज्याला भावंडाचा बोनमॅरो द्यायची वेळ येऊ शकते, त्याला नातेवाइकांचं रक्त चढवायचं नसतं. परक्याचं चालतं. आपल्या नशिबी नेमकं उलटं झालं.

तुला आपलं आधीचं छोटं हॉस्पिटल आठवत असेल. माझ्या अंगात रक्त बनायचं थांबलंय, एवढंच तिथे कळलं होतं. पुढे बोनमॅरो लागेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रक्तपेढीत रक्त मिळत होतं, पण बाबा हटून बसले. कुणाचं कसलं रक्त, माझ्या पोरीला नको. कारखान्यातल्या लेथवरून सुटी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून ते रक्त द्यायला जायचे. एकदा दिलं की पुढचे तीन महिने त्यांना थांबावं लागायचं, तेव्हा काका, मग काकाची मुलं. शेजारणी म्हणायच्या, असा बाप मिळायला भाग्य लागतं. बाटली संपली की माझ्या गालांकडे बघून बाबा सगळ्या वॉर्डाला सांगायचे, बघा, माझा रंग चढला. मीही हसायचे. त्या दिवसांत मला खरंच निर्धास्त वाटायचं.

आता दुसऱ्यांदा बोनमॅरो घेण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नाही. ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही, मीच तसं बजावलं होतं. मला भीती वाटते, बारक्या. आईसमोर म्हणता येत नाही, म्हणून तुला सांगतेय.

तुला मोकळं करायला एवढं लिहिलं, असं वाटेल. तेवढंच असतं तर बरं होतं. बाबा अजून रोज खाली रक्तपेढीत जाऊन विचारतात, माझं का घेत नाही. तुमचं वय झालं, एवढंच बाईंनी त्यांना सांगितलंय. ते मीच सांगायला लावलं. पण माझ्यामागे ते तुला विचारतील, पोरीचं असं कसं झालं. तेव्हा सांग, माझाच बोनमॅरो तिला लागला नाही. मान खाली घालून सांग, म्हणजे त्यांना पटेल. तुला ते माफ करतील. स्वतःला करणार नाहीत.

तुझीच,
ताई