फुलबाईचं कुलूप

मंगळवार, १३ जानेवारी, रायपूर

जेवण झालं, तरी मन पंडरीच्या कापड बाजारातच अडकलं आहे. थंडी वाढली म्हणून आमचा बायांचा गट, पोलीस ठाण्यातल्या दोन महिला शिपाई आणि बाजारातले दुकानदार मिळून रोज संध्याकाळी फिरून राहिलो. दुकानांच्या ओट्यांवर झोपणाऱ्यांना गाडीत बसवून रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या सरकारी निवाऱ्यात पोचवतो. बाकी सगळे आले. म्हातारी फुलबाई तेवढी नाही म्हणे. काहून, ते आज समजलं.

ती ज्या कापड दुकानासमोर झोपते, तिथंच बाबा नोकरीला होते. दुकान बंद करायचं काम त्यांचं. कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे, मग तिला सांगायचे, "बाई, ध्यान रखना." मी लहान होती, त्यांचं बोट धरून उभी राहायची. कुलपावर भरवसा नाही आणि हिच्यावर आहे, याचं मले नवल वाटे. आता वाटते, तिला तिथून कोणी हाकलू नये म्हणूनच सांगत असतील.

बाबा जाऊन किती वर्षं झाली. तिची ड्युटी चालूच.

आज ती मले पोरगी समजून छत्तीसगढीत म्हणाली, "मैं जाहूँ त ताला ला कोन देखही, नोनी?"

"मैं देखूंगी, दाई," आईले म्हणावं तसं मी बोलून गेली.

तिनं ओट्यावर चढून कुलूप ओढलं. खट, खट, खट. हुबेहूब बाबांचा आवाज. मग गाडीत बसली.

उद्या दुकानं बंद व्हायच्या वेळी मले पंडरीला जायचं आहे. नाही गेली तर फुलबाईले कळणार नाही. बाबाले मात्र कळेल.