एसीतला वाघ

६ डिसेंबर २००३, जुन्नर
संग्रहालयाच्या दालनात एसी बसला. अध्यक्ष कांतिशेठनी पदरचा दिला. गारवा टिकावा म्हणून दोन्ही खिडक्या विटांनी बुजवल्या. एका भिंतीवर एसी, समोर शेठच्या वडिलांच्या नावाची फरशी. फरशी मोठी आहे. मी मानद चिटणीस, टाळ्या वाजवल्या.
बबन शिपायाने नियम स्वतःच ठरवला. 'पावणं आलं की लावायचा, गेलं की बंद. बिल कोन भरनार, सर?' म्हणजे घरातल्या चांगल्या कपबशांचा नियम.

१९ डिसेंबर
ठकाबाबा आले, घोडेगावहून एसटीने. गाव धरणात गेलं, घर गेलं. वाघाचं लाकडी सोंग, उत्सवातला मुखवटा, तेवढं मी आधीच इथे मागून आणलेलं. त्यांच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर, माळ्याला टांगलेलं. धूर, ओल, पुन्हा धूर. अट एकच: चैत्रात उत्सवाला परत द्यायचं. मुलगा किसन ते तोंडाला बांधून नाचणार. पाण्याबाहेर राहिलेलं गाव आता एवढंच.
म्हातारा कपाटाच्या काचेला नाक लावून उभा. 'लई गार हाय वो हितं. वाघानं नशीब काढलं राव!' स्टँडवर सोडायला गेलो तर शेजारच्या बाकावरच्यांना सांगत होता, 'आमचा वाघ एसीत असतो.'

११ जानेवारी २००४
वाघाच्या कपाळावर भेग. केसाएवढी.
बबन : 'आधीपास्नं आसंल.'
जुना फोटो काढून पाहिला. नव्हती.

२४ जाने.
पुण्याहून लाकूडतज्ज्ञ बाई आल्या. बबनने त्यांच्या स्वागताला एसी लावला.
बाई म्हणाल्या, लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. हळूहळू बदल झाला तर सोसतं. 'तुम्ही एसी लावून त्याला सुकवता, बंद करून पुन्हा ओल पाजता, वर कपाटात हा तापणारा दिवा. आकसायचं की फुगायचं, त्यालाही कळेना. शेवटी फाटणारच.' उपाय फुकटचे: दिवा काढा, विटा काढा, एसी विसरा. फुकटचा उपाय कमिटीत टिकत नाही, हे मला ठाऊक होतं.
जाताना ओल मोजायचं गोल यंत्र भिंतीला लावून गेल्या.

२५ जाने.
बबन : 'सर, बाईंचं घड्याळ बिघडलंय. एकच काटा हाय.'

३१ जाने.
कमिटी. एसी बंद ठेवा म्हणालो. कांतिशेठ दुखावले. माणूस चांगला, तीच अडचण. 'सर, वडिलांच्या नावानं दिलेली वस्तू बंद ठेवू? पाहुणा आला तर घाम पुसत उभा करू?'
'मग कायम चालू ठेवा.'
'लाईट असते का कायम?'
बिनतोड.
ठराव : भेग बुजवण्यास सुतार बोलवावा. विरोध फक्त माझा. इतिवृत्तही मीच लिहितो, त्यामुळे विरोध सुवाच्य अक्षरात नोंदला.

१५ फेब्रु.
मी कॉलेजात परीक्षेला अडकलेलो, तेवढ्यात सुताराने भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. वर व्हार्निशचे हात, सप्रेम भेट. वाघ आता हॉटेलातल्या टेबलासारखा चमकतो. शेठ खूष. 'नवा दिसतो की नाही?'
दिसतो. तोच तर घोटाळा.

८ मार्च
ऊन. लोडशेडिंग. खिडक्या नाहीत, दालन म्हणजे झाकण लावलेला डबा. दुपारी सभापती आले, लाईटही आली, एसी लागला. सभापती चहा पिऊन गेले. एसी बंद.
लांबीच्या शेजारून भेग पुन्हा उघडली. कपाळापासून नाकापर्यंत. नख आत जातं.
साप्ताहिकाचं विनोदी सदर द्यायचंय. सुचत नाही. इथल्यापुढे काय लिहिणार?

१९ मार्च
किसनला फोन केला. आडून विचारलं, सोंगाला तडा गेला तर काय करतात?
'भंगलेलं सोंग अंगावर घेत न्हाईत, सर. पाण्यात सोडत्यात. का वो?'
'सहज.'
'बाबा सोंगाच्या झग्याला घुंगरं लावायला बसलेत. आवंदा लई तयारी हाय.'
पाणी म्हणजे कुठलं, ते विचारलं नाही. त्यांच्याकडे आता एकच पाणी आहे. ज्या पाण्यातून वाचवून आणलं, तेच.

२८ मार्च
भेग हनुवटीला टेकली. कपाट उघडून दोन्ही हातांनी वाघ धरला. दोन्ही गाल वेगवेगळे हलले. परत ठेवला. बाईंना फोन : 'आता जोडता येईल, पण नाचवता येणार नाही.'

२ एप्रिल
उद्या ठकाबाबा सोंग न्यायला येणार, पहिल्या एसटीने. पत्र लिहायला बसलो, तीनदा फाडलं. आयुष्यभर लोकांची फजिती लिहिली. एका म्हाताऱ्याला दोन ओळी लिहिता येईनात.
संध्याकाळी कुलूप लावताना बबन म्हणाला, 'उद्या लवकर येतो, सर. बाबा यायच्या आधी एसी लावून ठेवतो. त्यांना लई आवडतो.'
नको म्हणणार होतो. किल्ली त्याच्या हातात दिली.
म्हातारा दारात येईल. गार वारा अंगावर घेईल, हसेल. तेवढं तरी होऊ दे. मग काचेला नाक लावेल...