नदीचं शेवटचं कडवं

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोनशे चाळीस मुलं आणि एक चमचा वाजला नाही! ती शांतता अजून कानात आहे.

बदलापूरच्या निवासी शाळेत दर गुरुवारी पाठांतराचा तास घेतो, त्याला चार महिने झाले. जेवायला मात्र आज पहिल्यांदा थांबलो. तिथला रिवाज असा — वाढून झालं की सगळी मुलं ताट हातात धरून उभी राहतात. एक जण पुढे येऊन कविता म्हणतो, शेवटी कवीचं नाव सांगतो. नाव सांगितल्याशिवाय कुणी बसायचं नाही. माधवी मॅडम म्हणाल्या, ज्याचं खाल्लं त्याचं नाव घ्यावं. आमटी निवत होती, पण एका डोळ्यात घाई नाही.

सकाळी यातलीच काही पोरं स्वतः जोडलेला यंत्रमानव मैदानात फिरवत होती. आठवीतली जिज्ञासा — ग्रंथालयाची मॉनिटर, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर — हिनं दुर्बिणीतून सूर्य कागदावर उतरवून दाखवला. त्याच्यावर तिळाएवढे काळे डाग! सत्त्याहत्तर वर्षं या उन्हात वावरलो, त्याचा चेहरा आज पाहिला.

२१ नोव्हेंबर

तेरा वर्षांचं होऊन तिथं एक वर्ष राहायला मिळालं तर! — असो. गुडघा दुखतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तालुक्याची पाठांतर स्पर्धा ९ तारखेला. विषय काय, तर जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता! माझीच शेती. सातवीतल्या तेजलला निवडलं. खेड्यातली पोर, बोलायला लाजते, तिच्या बोलीवरून खोलीतल्या मुली चिडवतात म्हणे. पण कविता म्हणायला लागली की मान वर होते. पहिली आली तर बाबा भाताची कामं टाकून बक्षीस समारंभाला येणार, असं त्यांनी कबूल केलंय. हे तिनं मला तीनदा सांगितलं.

तिला माझ्या शाळेतल्या पुस्तकातली नदीची कविता दिली. पाच कडवी, आठवणीतून एका बैठकीत लिहून काढली. मॅडमनी विचारलं, पुस्तकाशी ताडून पाहायचं का? मी हसलो. माझ्या पाठांतराला पुस्तक कशाला? सहावीत म्हटली होती ती. गुरुजींनी शेवटचं कडवं मला दोनदा म्हणायला लावलं होतं. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि विचारलं, कुणी पाठ करून घेतलं? मी म्हटलं, थोरल्या बहिणीनं, माईनं. एवढी शाबासकी मला नोकरीच्या सदतीस वर्षांत मिळाली नाही.

सागर पुसतो, काय हवे तुज? नदी म्हणाली, दे इतुके —
ज्या काठाशी थांबु न शकले, त्या काठावर पाड धुके.

या दोन ओळींमुळे मी कवितेला लागलो. लिहितानाही हात थांबतो.

४ डिसेंबर, गुरुवार

तालीम मैदानाच्या कडेला. तेजल शेवटच्या कडव्यावर आली आणि चेंडूमागे धावणारी पोरं एकेक करून उभी राहिली. चेंडू आपला घरंगळत कुंपणाला लागला. कुणी आणायला गेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

तेजल चौथी.

परीक्षकांच्या हातात छापील संहिता होती. चार कडवी जुळली. पाचवं ‘मूळ कवितेत नाही’ म्हणून गुण कापले. ती परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मी शेजारी. घरी येऊनही जेवण गेलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

छापणाऱ्यांनीच घोळ केला असणार, म्हणून तावातावानं शाळेत गेलो. जिज्ञासानं आधीच शोधून ठेवलं होतं — आमच्या वेळच्या पुस्तकाची पानं, संगणकावर. तेच चित्र, तोच होडीवाला! पण शेवटचं कडवं? नदी सागराला मिळून धन्य होते आणि मुलांना परोपकार करायला सांगते. धुकं नाहीच.

जिज्ञासा हळूच म्हणाली, “आबा, तुमचा डेटा करप्ट झालाय.”

मला हसू आलं नाही. साठ-पासष्ट वर्षं मी काय म्हणत होतो? तेजलची माफी मागितली. म्हटलं, तुझे बाबा माझ्यामुळे आले नाहीत. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, “बाबा येतील नंतर कवा तरी. पन आबा, या धुक्याच्या वली कोनाच्या? पुस्तकातल्यापेक्षा बेस हायेत.”

पुढच्या गुरुवारी भोजनगृहात तिची पाळी आहे. तिला हेच कडवं म्हणायचंय. पण नाव नसेल तर म्हणता येणार नाही. मॅडमना विचारून आली होती — नियम म्हणजे नियम. चौथ्या नंबरानंतर पोर पुन्हा सगळ्यांसमोर उभी राहायला तयार आहे, आणि मी तिला एक नाव देऊ शकत नाही!

१२ डिसेंबर

शिवमंदिराच्या पायरीवर तासभर बसलो. आठवून पाहिलं. पुस्तक माईचं जुनं होतं, तिच्याकडून मला आलेलं. चुलीपाशी पडलेलं असायचं. मी रडत होतो. माई सांगत होती, मी लिहीत होतो. एवढंच दिसतं. रविवारी कॅम्प चारला तिच्या घरी जाऊन तिलाच विचारतो. ब्याऐंशीची आहे, पण कुणाच्या लग्नात कुठली भाजी होती तेही तिला आठवतं.

१४ डिसेंबर, रविवार

माई मेथी निवडत होती. मी दोन ओळी म्हटल्या. तिनं मान वर केली नाही.

शेवटचं पान आजीनं चूल पेटवायला घेतलं होतं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तुला छडी बसली असती. म्हणून म्हटलं, मला पाठ आहे, लिही. पाठ कुठलं असायला! सुचेल तसं सांगत गेले.

तेव्हा तिची शाळा सुटून दोन वर्षं झाली होती. गुरुजींनी ओळखलं होतं. त्याच संध्याकाळी घरी आले, पोरीला पुढं शिकवा म्हणाले. बाबांनी चहा पाजून वाटेला लावलं. हे मला आज कळतंय!

तेजलला सांगायला नाव मिळालं. विठा. आमची माई.

निघताना विचारलं, नंतर पुन्हा कधी काही केलं नाहीस?

“पान एकदाच जळलं ना रे, चिंतू.”