आत्याची कवळी आणि माझी पदवी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मान इतकी खाली आहे की पत्र जमिनीवर ठेवूनच लिहिते आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? खिडकीतली रोपं तरारली का? दातांची चौकशी मुद्दामच करत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केल्याला तीन आठवडे झाले, म्हणून हे पत्र. माहिती तंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची मुलगी तिकीट मागायला आली हे पाहून पोस्टातले काका इतके खूश झाले, की तिकीट स्वतःच्या हाताने चिकटवून देतो असं त्यांनी सांगितलंय.

झालं ते असं. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. तो बुडाला की पदवी बुडाली. मी आणि माझा जोडीदार (घाबरू नकोस, प्रोजेक्टमधला, त्याला सगळे बॅकअप म्हणतात, कारण तो प्रत्येक गोष्टीची एक प्रत ठेवतो आणि कुठे ठेवली ते विसरतो) कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांसाठी प्रोग्रॅम बनवत होतो. पेशंटचं नाव, नंबर, दुखणं आणि वेळ भरली की आठवणीचा मेसेज आपोआप जातो. तो तपासायला खोटे पेशंट लागतात. बाकीची मुलं 'अबक', 'कखग' असली नावं भरून मोकळी होतात. मला ते फारच अळणी वाटलं. म्हणून मी आपले नातेवाईक भरले, एकूण एक्केचाळीस, खऱ्या नंबरांसकट, आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे दुखणं वाटलं. धाकट्या काकांना अक्कलदाढ. मावशीला आठ दिवस तोंड बंद. तुझ्यात खोड काढायला जागाच नव्हती, तेव्हा सुचली ती कवळी. (इथे पत्र फाडू नकोस, पुढे बरं आहे.)

मेसेज बंद ठेवायचं काम बॅकअपचं होतं. त्याने ते चोख केलं, पण स्वतःच्या लॅपटॉपवर. दाखवायचं होतं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. सरांसमोर मी ऐटीत बटण दाबलं, 'एक्केचाळीस मेसेज गेले' असं पडद्यावर आलं, आणि मी चक्क टाळी वाजवली, कारण आकडा पहिल्यांदाच बरोबर आला होता. मग माझा फोन थरथरायला लागला आणि थरथरत थरथरत टेबलावरून खाली पडला.

बरं, वेळ मी एकदाच लिहून सगळ्यांना तीच चिकटवली होती: मंगळवार, सकाळी दहा. आपल्या घरात बोलावणं आलं की कशासाठी ते कुणी विचारत नाही. मंगळवारी दहाच्या ठोक्याला एका खुर्चीच्या त्या दवाखान्यात आपले सतरा जण हजर! सहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्ही मामा एकाच बाकावर, एकमेकांना आ करून दाढा दाखवत होते. मावशी रांग लावत होती. डॉक्टर आधी कपाळाला हात लावून बसले, मग तपासायला लागले, तर काकांची अक्कलदाढ खरोखर किडलेली निघाली. तेव्हापासून काका सांगत फिरतात, "पोरीला डॉक्टरच्या आधी कळलं!" मी हसून हसून भिंतीला टेकले. आत्या, फक्त तूच नव्हतीस गं.

तुझ्याकडे काय घडलं ते शेजारच्या काकूंकडून कळलं. जुन्या विद्यार्थिनी भेटायला आलेल्या, चष्मा सापडेना म्हणून तू मेसेज एकीला मोठ्याने वाचायला लावलास, आणि तिने वाचलं, "आपली कवळी तयार आहे, घेऊन जावी." सत्तराव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेल्या मुख्याध्यापिकेवर मी ही वेळ आणली. चूक माझीच. बॅकअपच्या गळ्यात मारणार होते, पण तू शिकवलं आहेस तसं वागते.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जप.

तुझी (अजून आहे ना?) भाची

ता. क. सोबत एक कागद आहे. न विचारता ज्यांचे नंबर वापरले त्या प्रत्येकाची लेखी संमती गुरुवारपर्यंत हवी, नाहीतर प्रोजेक्ट रद्द आणि वर्ष गेलं, असं सरांनी बजावलंय. चाळीस जणांच्या सह्या झाल्या. (काकांनी दोनदा केली.) तुझ्या कागदावर 'माझे सर्व दात माझे स्वतःचे आहेत' अशी जादा ओळ ठळक अक्षरांत टाकली आहे.

ता. क.चा ता. क. हे लिहिणार नव्हते. काल सर म्हणाले, एक सही अडत असेल तर ते नाव काढून टाक, चाळीस पुरेत. मी तुझ्या नावावर गेले, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'ही व्यक्ती कायमची काढून टाकायची का?' हा प्रश्न मीच लिहिलाय, दोन मिनिटांत, काही विचार न करता. मला तिथेच रडू फुटलं, सरांसमोर. मी 'नाही' दाबलं. आता गुरुवारी पास झाले तर एक्केचाळीस जणांसकट, नाहीतर तुझ्यासकट नापास.