बोटांना पाठ असलेला आकडा

३ ऑगस्ट

ती. मामांस,
खारीचा सा. न. वि. वि.

औषधांच्या गोदामात तुमच्या खुर्चीवर बसून मला बारा दिवस झाले. कॉम्प्युटर तुमचाच जुना आहे, कारण लेबलं छापणारं यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. लसीच्या खोक्यांवर ‘2° ते 8°’ छापायचं असतं आणि ते अंशाचं गोल चिन्ह कीबोर्डवर कुठेच नाही. तुम्ही कसं काढायचात? मागे एखादा कागद तरी ठेवायचा! महिनाअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, तेव्हा लवकर कळवा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तर तेवढं हवं.
तुमची,
खार

७ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

कागद? बावीस वर्षं त्या टेबलावर काढली, एक कागद लिहिला नाही. लिहिला की उद्या कुणीही सोम्यागोम्या तिथे येऊन बसतो. बसलाच म्हणा.

तुम्हाला सगळं ताटात वाढलेलं हवं. आता नीट वाच. ऑल्टची कळ दाबून धर, सोडायची नाही. मग उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनात 0177. वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत, ते शोभेचे. नमलॉकचा दिवा पेटलेला हवा. मग ऑल्ट सोड. एवढंही जमलं नाही तर शेपूट वर करून झाडावर जा.

तुझ्या आईला आशीर्वाद. रागावू नकोस, रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा,
मामा

११ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न.

दिवा पेटला होता. ऑल्ट धरली होती. गोल आलाच नाही, अधिक-उण्याचं चिन्ह आलं. आणि तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, म्हणून मी न बघता दोनशे लेबलं छापली. गोदामाच्या बाईंनी साहेबांसमोर गठ्ठा आपटला आणि विचारलं, की लस थंड ठेवायची आहे की तिची बेरीज-वजाबाकी करायची आहे. साहेबांनी त्यातलं एक लेबल माझ्या फाइलला लावून ठेवलं. त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
खार

१६ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

नाचता येईना, अंगण वाकडं! 0177 मला माझ्या नावासारखा पाठ आहे. तुझंच बोट घसरलं असणार. न बघता दोनशे छापतेस आणि खापर मामावर? पुन्हा कर, या वेळी डोळे उघडे ठेव.
मामा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी लिहितो आहे. निवृत्त झालो तेव्हा खराब झालेला एक कीबोर्ड मी घरी आणला होता. तुझी फजिती मामीला दाखवावी म्हणून तो पुढ्यात घेतला आणि सवयीने डोळे मिटून गोल काढला. मामी म्हणाली, अहो, शेवटी सहा दाबलात. पुन्हा केलं. पुन्हा सहा. म्हणजे आकडा मला कधीच पाठ नव्हता, तो बोटांना पाठ होता. बावीस वर्षं मी उगाच डोक्याचा तोरा मिरवला. 0176 करून बघ. चुकलो मी. हे पत्र साहेबांना दाखव, दोनशे लेबलं माझ्या नावावर घाल. आणि हो, सोबत कागद पाठवतो आहे. अकरा चिन्हं आहेत.

१ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गोल आला, नवी दोनशे लेबलं लागली. साहेबांनी तुमचं पत्र ताज्या कलमापर्यंत वाचलं आणि खूप हसले. म्हणाले, मामांनी चूक कबूल केल्याचा कागद या ऑफिसात पहिलाच आला. काल मला कायम केल्याचा हुकूम मिळाला.

आता तुमचा दुसरा कागद. गोल तेवढा बोटांना विचारलात आणि उरलेली दहा पुन्हा डोक्यानेच लिहिलीत ना? त्यातली तीन चुकली आहेत. कुठली ते मी सांगणार नाही. गुरुवारी इथे या. खुर्ची तुम्हाला मोकळी करून देते. तुम्ही डोळे मिटून दाबा, मी बोटं बघून उतरवून घेते. खरं सांगू, त्या खुर्चीत अजून मला परक्यासारखं वाटतं, तुम्ही एकदा शेजारी हवे आहात.

आशीर्वाद टपालाने पाठवू नका, सोबत घेऊन या.
तुमची,
सोम्यागोम्या