तौनोच्या करवतीचा निकाल

मी, आयली निस्कानेन, वय एक्याऐंशी, कैलासवासी तौनो निस्कानेन यांची पत्नी, राहणार नोलालूच्या रस्त्यावरचे शेवटचे लाल घर, थंडर बेच्या पश्चिमेस, ओंटारियो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची चौकशी कायदा करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगी मारीता दबाव आणते, पण तिला मी आजवर दाद दिलेली नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, जमीन आणि मागचे जंगल मारीताला. ती कॅलगरीत राहते आणि दर रविवारी फोनवर "आई, विकून टाक ना ते एकदाचं" म्हणते. आता खुशाल विकावे. मात्र घेणाऱ्याला सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, पाडू देऊ नये. ती तौनोने आणि मी लग्नाच्या वर्षी बांधली. घर त्यानंतर दोन वर्षांनी झाले. आधी अंघोळीची सोय, मग झोपण्याची, असा आमच्या फिनिश लोकांचा क्रम आहे.

२. बँकेत जे काही निघेल त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरेल ते मारीताने घ्यावे. विधीनंतरची कॉफी कडक असावी. तौनोच्या वेळी चर्चच्या तळघरात मिळालेले गढूळ पाणी मी निमूट प्यायले. माझ्या वेळी ते कोणाला पाजू नये.

३. कुऱ्हाडी, कानशी आणि पाने गावच्या अग्निशमन दलाला. जावईबापूंना देऊ नयेत. ते दारातला बर्फ काढायलाही माणूस बोलावतात.

४. साक्षीदार दोन लागतात. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. हे ऐकताच मला दोन नावे सुचली. पहिले शेजारी लाउरी पेल्टोला यांचे. त्यांनी माझी करवत भंगारात टाकायला सांगितले होते. दुसरे माझी धाकटी बहीण एल्मा रांता हिचे. तिला काही मिळू नये याची इतकी पक्की सोय दुसरी नाही. तिला बोलवायचे कसे, ते मागाहून पाहीन.

५. तौनोची यांत्रिक करवत, पात्याभोवती दातेरी साखळी फिरते ती. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

तौनो २००५ च्या वसंतात गेला. त्याच वर्षी पानगळीत एल्माने ही करवत थंडीची लाकडे कापायला नेली. परत आणली तेव्हा पाते पुसलेले होते आणि साखळी धार लावून वेगळी कॉफीच्या डब्यात होती. मी ती बसवली आणि बर्चच्या ओंडक्याला लावली. नुसता धूर निघाला, बोटभरही कापले नाही. मी एल्माला बोलावून दाखवले. म्हटले, दगडावर घासून वाट लावलीस. ती म्हणाली, "मी दिली तेव्हा चांगली कापत होती." मग मी म्हणाले, तौनोची शेवटची वस्तू होती, तीही खाल्लीस. ती गाडीत बसून निघून गेली. आमच्या घरांत तीन किलोमीटरचे अंतर आहे. त्या आधी दर शनिवारी आम्ही एका सौनेत बसत होतो. त्यानंतर तिने तिची तापवली, मी माझी.

करवत मी तशीच, टाकीत पेट्रोल ठेवून, सौनेच्या माळ्यावर टाकली. पेट्रोल काढून ठेवावे हे मला ठाऊक होते. त्या दिवशी मला काहीही नीट करायचे नव्हते.

आता मरण्यापूर्वी गुन्हा सिद्ध व्हावा म्हणून ती मी खाली काढली आहे. लाउरी पाहून म्हणाले, "आयली, एकोणीस वर्षं झाली. यात आता उंदीर राहतात." राहतच होते. हवेच्या जाळीत त्यांनी तौनोच्या जुन्या लोकरी मोज्यांचे घर केले होते. पेट्रोल आटून डिंक झाले होते आणि त्याची नळी हात लावताच चुरा झाली. इंजिन जाम होते म्हणून प्लगच्या भोकातून तेल सोडले आणि चार दिवस वाट पाहिली. कार्बोरेटर तीनदा खोलला. एक स्प्रिंग उडाली, ती दोन दिवसांनी चपलेत सापडली. इंजिन सुरू करायची दोरी तुटली तेव्हा मी जे बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. पाते आणि साखळी यांना मात्र हात लावला नाही, कारण तो एल्माविरुद्धचा पुरावा आहे.

येथवर १४ सप्टेंबरपासून थोडे थोडे लिहिले. पुढचे आज, १९ ऑक्टोबर, शनिवारी लिहीत आहे.

गुरुवारी करवत सुरू झाली. तौनो होता तेव्हा जसा आवाज करायची तसाच आवाज आला. मी बाकावर बसून रडले. मग उठून ओंडक्याला लावली. पुन्हा धूर, पुन्हा तेच. मला समाधान वाटले. गुन्हा सिद्ध झाला. इंजिन बंद करून, पात्यावर किती ओरखडे आहेत ते लिहून घ्यायला चष्मा लावला. ओरखडा एकही नव्हता. साखळीचे वरच्या अंगाचे दात पात्याच्या टोकाकडे तोंड करून हवेत. हे माझ्याकडे तोंड करून होते. साखळी उलटी होती आणि ती मी बसवली होती.

तीस वर्षे करवत चालवलेली बाई मी. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होते म्हणून दिसले नाही, एवढेच सांगता येईल. एल्माला फोन केला.

"साखळी उलटी होती," मी म्हटले.

"हो, माहितीय."

"माहितीय म्हणजे?"

"अगं, त्याच दिवशी दिसलं की. तू धूर दाखवत होतीस, मी साखळी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस? काय काय म्हणालीस मला. मग म्हटलं, बस बोंबलत. संध्याकाळपर्यंत कळेल तुझं तुला."

"एकोणीस वर्षं, एल्मा."

"मला काय माहीत तुला इतका वेळ लागेल."

मी फोन आपटला. अर्ध्या तासाने पुन्हा केला आणि शनिवारी ये म्हटले. कलम ५ च्या समासात लिहिले की करवत एल्माला द्यावी, आणि कलम ४ मधले तिचे नाव खोडले, कारण कायद्याने दोन्ही जमत नाही.

आज ती वेलदोड्याचा पाव घेऊन आली. सगळे वाचून म्हणाली, "माझं नाव का खोडलंस?"

"करवत तुला दिलीय ना."

"नको मला करवत. सही मी करणार. तू शुद्धीत होतीस हे दुसरं कोण सांगणार? लाउरी? त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

लाउरी समोरच बसले होते. ते पावाचा दुसरा तुकडा घेत होते.

अर्धा तास वाद झाला. मला एकोणीस वर्षे हिची आठवण येत होती, हे कोठेच लिहिलेले नव्हते, ते येथे लिहिते. शेवटी मी अंगणात गेले, साखळी काढून कॉफीच्या डब्यात घातली आणि डबा व करवत तिच्या हातात दिली. म्हटले, बसव आता तू. तिने बसवली, दोनदा तपासली, मलाही तपासायला लावली, आणि आजच्या सौनेपुरता बर्च कापला.

सबब, सदर करवत मी हयातीतच देऊन टाकली असून ती माझ्या मालमत्तेत राहिलेली नाही. कलम ५ रद्द. कलम ४ मधले खोडलेले नाव पुन्हा लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला तरी चालेल.

सौनेतले दगड तापले आहेत, म्हणून येथे थांबते.

ठिकाण: नोलालू, सौनेची बाहेरची खोली
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२४

सही: आयली निस्कानेन

आम्हां दोघांसमक्ष सही केली:

साक्षीदार १: लाउरी पेल्टोला (करवत भंगारात टाक म्हणालो होतो, हे खरे आहे.)

साक्षीदार २: एल्मा रांता (बहीण पूर्ण शुद्धीत आहे. या कागदातून मला काहीही मिळत नाही. जे मिळायचे ते दुपारीच मिळाले.)