बस, ऊठ, हात वर कर

प्रिय माय,

काल झाकण उघडलं! हेच सांगाले लिहून राह्यलो. तू नाईस हे माहीत हाय, पण तुह्याशिवाय सांगू कोणाले?

कशाचं झाकण, म्हणशील. दुर्बिणीचं. वर अवकाशात राहून तारे पाह्यणारी दुर्बीण. रॉकेटातून गेली तवा तिच्या तोंडावर झाकण होतं, अन् त्याच्या बिजागरीभोवतीचं चंदेरी पांघरूण तुह्या आठवी नापास पोरानं शिवलं. उन्हाथंडीसाठी तिलेबी पांघरूण लागते. हासू नको!

"बायकी काम" म्हणून चिमूरच्या आपल्या शिलाई मशीनपासून मी पळालो. हॉटेल, गॅरेज, गोदाम, कुठीच टिकलो नाई. "याच्या पायाले भिंगरी हाय," म्हणायचीस. शेवटी बंगलोरले या दुर्बिणीच्या कारखान्यात येऊन शिवालेच लागलो ना?

पांघरूण कसं चापून बसलं होतं! मी खुश. आमच्या पुण्याच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या, "छान. आता अवकाशासारख्या गार खोलीत झाकण उघडून बघू." थंडीनं पांघरूण आकसलं, अन् झाकण अर्ध्यातच अडकलं.

"बंद झाकणाचं माप घेतलंस तू," मॅडम म्हणाल्या. "उघडताना काय? वर गेल्यावर कुणाचा हात पोचणार नाही."

माय, तवा तूच दिसलीस. शाळेचा ड्रेस न्याले आलेल्या पोराले तू नुसतं उभं ठेवत नव्हतीस. "बस. ऊठ. हात वर कर. आता पळून दाखव." त्याची आई वैतागे, "बाई, उशीर होते ना!" तू म्हणायचीस, "शाळेत काय उभा राहाले जाते तो?" अन् बगलेत कापड सोडायचीस.

मीबी सोडलं. बिजागरीपाशी ढिली चुणी घातली. पुन्हा गार खोली, पुन्हा उघडझाप. उघडलं! तरी रॉकेट गेल्यापासून घोर होता. चुणी अडकली तर? माह्या शिवणीपायी एवढी मोठी दुर्बीण आंधळी राहीन!

काल मॅडम धावत आल्या, "उघडलं रे!" मग पोटभर जेवलो. रात्रभर मेल्यावाणी झोपलो.

आज मॅडमनं तिच्या पहिल्या फोटोतले तारे मले दाखवले. चाळणीतून पीठ सांडल्यावाणी दिसतेत. तू काऊन घाई केलीस गं जायाची?

दिवाळीले येतो. ताईच्या पोरीले फ्रॉक शिवीन, तुह्याच मशीनवर. अन् ती तो घालून पेरूच्या झाडावर चढून उतरल्याबिगर शेवटचा टाका घालणार नाई. शब्द देतो.

तुहा भिंगरीवाला,
देवा